कस्टमर केअरचा म्हणून लावलेला नंबर चोराचा निघाला

अनोळखी फोन उचलू नका, ओटीपी सांगू नका, आलेल्या लिंकवर टिचकी मारू नका, हे आता सगळ्यांना पाठ आहे. माझ्या वडिलांना, अण्णांनाही पाठ होतं. 'वीजबिल थकलंय, आज रात्री लाईट कापणार' असं म्हणणाऱ्याला त्यांनी एकदा चांगलंच सुनावलं होतं. केवायसी संपली म्हणणारे, लॉटरी लागली म्हणणारे, सगळ्यांचे फोन ते दुसऱ्या वाक्याला कट करतात. तरीही त्यांच्या खात्यातून पावणेदोन लाखांच्या वर रक्कम गेली. कारण या वेळी चोराने त्यांना फोन केलाच नव्हता. फोन अण्णांनी स्वतः लावला होता.

म्हणूनच हे सविस्तर लिहितेय. फसवणुकीच्या या प्रकाराबद्दल घरोघरी फार कमी बोललं जातं आणि आपल्या नेहमीच्या सूचना इथे कामाला येत नाहीत.

अण्णा आणि आई साताऱ्याला असतात, मी पुण्यात. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. हिशेबाला चोख माणूस, गॅसच्या पावत्यासुद्धा तारखेने लावून ठेवणारा. एके सकाळी वॉशिंग मशीन मध्येच थांबलं. कपडे पाण्यात, दार लॉक आणि पडद्यावर कसलासा कोड लुकलुकतोय. वॉरंटी कार्ड लवकर सापडेना. मग अण्णांनी मोबाइलवर कंपनीचं नाव, पुढे 'कस्टमर केअर' आणि 'सातारा' असं टाकून शोधलं. सगळ्यात वर कंपनीच्या लोगोसकट एक नंबर आला. दहा आकडी, साधा मोबाइल नंबर. त्या नोंदीच्या कडेला बारीक अक्षरात 'प्रायोजित' असं लिहिलेलं होतं, म्हणजे ती पैसे भरून वर आणलेली जाहिरात होती. हे मला नंतर दिसलं. चष्मा लावूनही सहज दिसावं इतकं ते मोठं नसतंच.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. घाई नाही, दमदाटी नाही. मशीनचं मॉडेल विचारलं, खरेदीचं साल विचारलं, पत्ता घेतला, पिनकोड पुन्हा वाचून दाखवला. मध्ये होल्डवर ठेवलं तेव्हा संगीतही वाजलं. कुठल्याही खऱ्या कंपनीत होतं तसंच सगळं. मग म्हणाला, "सर, दस रुपये का रजिस्ट्रेशन है, फॉर्म व्हॉट्सअ‍ॅप पे भेजता हूँ." आलेल्या फाइलचं नाव 'कस्टमर सपोर्ट' आणि त्यापुढे डॉट एपीके. ती उघडताना फोनने धोक्याची सूचना दिली. अण्णांनी ती त्याला वाचूनही दाखवली. "वो सबको आता है सर, ओके कर दीजिए." पुढे एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही देऊन झाली. फॉर्ममध्ये नाव, तक्रार आणि दहा रुपये भरण्यासाठी कार्डाचा नंबर, मुदत, शेवटी एटीएम पिन. पिन टाकल्यावर पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. "चार बजे तक टेक्निशियन आ जाएगा, तब तक फोन को हाथ मत लगाइए, रजिस्ट्रेशन कॅन्सल हो जाएगा."

पिन कसा काय दिला, असं माझ्या भावानेही विचारलं आणि तेव्हा मला त्याचा राग आला. त्या क्षणापर्यंत अण्णा वीस मिनिटं त्या माणसाशी बोलत होते आणि ते बोलणं त्यांनी स्वतः सुरू केलेलं होतं. संशय घ्यायचा तो न बोलावता आलेल्यावर, असं आपण त्यांना शिकवलं. ज्याला आपणच मदतीला बोलावलं त्याच्यावर संशय घ्यायला कुणी शिकवलं होतं? चोरांनी नेमकी हीच फट हेरली आहे. माणूस अडलेला असतो, दुरुस्तीची घाई त्याला असते, त्यामुळे घाबरवण्याची गरजच उरत नाही. गॅस, फ्रिज, कुरिअर, रेल्वे तिकिटाचा परतावा, विमानाचं तिकीट, बँकेची शाखा, कशाचाही 'हेल्पलाइन नंबर' शोधा, हा धोका तिथे आहेच. नकाशावरच्या दुकानाच्या किंवा शाखेच्या नोंदीत तर फोन नंबर बदलायची सूचना बाहेरचा कुणीही देऊ शकतो.

एपीके म्हणजे अँड्रॉइडवर अ‍ॅप बसवायची फाइल. ती कागदपत्राची किंवा फॉर्मची फाइल नव्हे. अ‍ॅपच्या दुकानातून न घेता ती थेट बसवली की काय आत घेतलं हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. अण्णांच्या फोनमधलं ते अ‍ॅप आलेला प्रत्येक एसएमएस चोराकडे पाठवत होतं आणि इथे दिसू देत नव्हतं. कार्डाचा नंबर, मुदत, पिन त्याच्याकडे होतेच. वर ओटीपी आपोआप मिळायला लागला, म्हणजे नेटबँकिंगचा पासवर्डसुद्धा त्याला नवा करता आला. अण्णांनी ओटीपी कुणालाही सांगितला नाही. शेवटपर्यंत ते हेच सांगत होते आणि ते खरंच आहे. या अ‍ॅपला तो तोंडाने सांगावाच लागत नाही.

संध्याकाळी औषधाच्या दुकानात क्यूआर स्कॅन केला तर पेमेंट होईना. शिल्लक पाहिली तर तीनशे बारा रुपये. बचत खात्यातले १ लाख ३४ हजार दुपारीच तुकड्यातुकड्यांनी गेले होते आणि फोनवर एकही मेसेज नव्हता.

यापुढचं मला सगळ्यात जास्त लागलं. अण्णांनी त्या रात्री कुणाला काही सांगितलं नाही. आईलाही नाही. सकाळी नऊच्या सुमारास मला फोन आला, "अगं, बँकेचं जरा काहीतरी झालंय, तुला वेळ असेल तेव्हा बघ." वेळ असेल तेव्हा! लाजेपोटी माणूस गप्प बसतो आणि चोराला नेमकी तेवढीच सवड हवी असते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात आणि मग एटीएममधून रोख, असे पुढे पळतात. ही मधली खाती भाड्याने घेतलेली असतात. जोवर रक्कम कुठल्या तरी खात्यात आहे तोवरच ती गोठवता येते. म्हणून पहिल्या एक-दोन तासांना इतकं महत्त्व आहे.

मी त्यांना पहिल्यांदा फोनचं इंटरनेट बंद करून सिम काढून घ्यायला लावलं. मग आईच्या फोनवरून, एटीएम कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला फोन. कार्ड बंद, नेटबँकिंग बंद, खात्यातून पैसे जाणं बंद करा, असं एकेक सांगितलं आणि तक्रार क्रमांक मागून घेतला. अण्णांनी तो कॅलेंडरवर वेळेसकट लिहिला, ९ वाजून २० मिनिटं. त्यानंतर लगेच १९३०. ही केंद्रीय गृह मंत्रालयाची आर्थिक सायबर फसवणुकीसाठीची हेल्पलाइन आहे. लाईन व्यस्त लागली, पुन्हा पुन्हा लावली. तिथे खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक विचारतात. मेसेजच नसल्यामुळे तो आमच्याकडे नव्हता, तो बँकेकडून घ्यावा लागला. हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली की सविस्तर तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर भरावी लागते. ती मी पुण्यातून भरली. नंतर पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६सी आणि ६६डी, आणि भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), म्हणजे ओळख चोरणं आणि फसवणूक.

आणि आम्ही हे सगळं करत असताना, पावणेदहाला, अण्णांची पन्नास हजारांची मुदत ठेव ऑनलाइन मोडली गेली आणि तेही पैसे गेले. बँकेला सांगून झाल्यानंतर!

मुदत ठेव सुरक्षित आहे असं आपल्याकडे बहुतेक जण धरून चालतात. पण नेटबँकिंग ज्याच्या हातात तो ती दोन मिनिटांत मोडू शकतो. काही बँका खातेदाराला आधीच मंजूर कर्ज दाखवून ठेवतात, चोर तेही उचलून मोकळे होतात. वडीलधाऱ्यांच्या खात्याला ऑनलाइन ठेव मोडायची सोय बंद करून मिळते का, हे शाखेत जाऊन विचारा. रोजची व्यवहाराची मर्यादा तर बहुतेक ठिकाणी आपली आपल्याला कमी करता येते.

शाखेत आम्हाला पहिलं उत्तर मिळालं ते असं, की पिन तुम्ही दिलात, आता जबाबदारी तुमची. अर्धी गोष्ट बरोबर होती. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक याबाबत स्पष्ट होतं. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याचं नुकसान शून्य. पिन किंवा पासवर्ड ग्राहकाने दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. शेवटचं वाक्य शाखेत कुणी आपण होऊन सांगितलं नाही. मी ते परिपत्रक छापून नेलं, पावणेदहाच्या नोंदीवर पेनाने खूण केली आणि शेजारी ९.२० चा तक्रार क्रमांक लिहिला. लेखी अर्जाची पोच घेतली. पन्नास हजार परत जमा झाले. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते आणि तिला फी लागत नाही. आमच्यावर ती वेळ आली नाही. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवली नसती तर मात्र हे पन्नास हजारही गेले असते, अशी माझी खात्री आहे.

उरलेल्या रकमेपैकी बावीस हजार एका परक्या खात्यात गोठवले गेले. ते सोडवून घ्यायला आम्ही न्यायालयात गेलो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज केला आहे. बाकीचे मिळण्याची आशा पोलिसांनीही दाखवली नाही.

फोनचं काय करायचं हे पुष्कळांना माहीत नसतं. नुसतं अ‍ॅप काढून भागत नाही. कित्येकदा त्याचं चित्रच दिसेनासं होतं. त्याच फोनवरून पासवर्ड बदलले तर नवे पासवर्डही चोराला पोचतात. ते दुसऱ्या फोनवरून बदलायचे आणि हा फोन, फोटो तेवढे बाजूला काढून, पूर्ण पुसून नव्यासारखा करायचा. शिवाय असं अ‍ॅप तुमच्या यादीतल्या लोकांनाही तीच फाइल पाठवू शकतं, तुमच्या नावाने. लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, अशी नावं देऊन फिरणाऱ्या एपीके फाइल ओळखीच्या नंबरवरून येतात त्या अशाच. आम्ही लगेच सगळ्या नातेवाइकांना कळवलं. आत्याने तोवर एक फाइल उतरवून ठेवलेली होती, सुदैवाने उघडलेली नव्हती.

मग खरा नंबर शोधायचा कुठे? वस्तूच्या बिलावर, वॉरंटी कार्डावर, मशीनच्या मागच्या स्टिकरवर. कार्डाच्या पाठीवर, पासबुकावर. कंपनीची साइट उघडायची तर पत्ता स्वतः टाइप करून, शोधात सगळ्यात वर आलेल्या जाहिरातीवरून नव्हे. बँकांच्या साइटचे पत्ते रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने आता 'डॉट बँक डॉट इन' असे संपतात, तेवढं पाहून घ्या. दुरुस्तीसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल बसवायला कुठलीच कंपनी सांगत नाही. आणि यूपीआयचा पिन फक्त आपल्या यूपीआय अ‍ॅपमध्ये, पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना टाकायचा असतो. वेबपेजवरच्या फॉर्ममध्ये तो कधीच येत नाही. एटीएमचा पिनही तसाच, नोंदणीच्या फॉर्ममध्ये त्याचं काहीएक काम नाही.

मागच्या सुट्टीत साताऱ्याला गेले तेव्हा दोघांच्याही फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप आणि ब्राउझर या दोन्हींना 'अनोळखी अ‍ॅप बसवण्याची' जी परवानगी असते ती बंद केली. सेटिंग्जमध्ये जाऊन एसएमएस वाचायची परवानगी कोणाकोणाला आहे ती यादी अण्णांसोबत बसून वाचली. आईच्या फोनमध्ये एका टॉर्चच्या अ‍ॅपला ती होती!

आणखी एक सांगायचं राहिलं. गुन्हा नोंदवल्यानंतर काही आठवड्यांनी अण्णांना एक फोन आला. सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे होल्डवर आहेत, सोडवायला १,९९९ रुपये प्रोसेसिंग फी भरा, आज शेवटचा दिवस. तक्रार केल्याचं त्याला माहीत होतं. एकदा फसलेला माणूस पैसे परत मिळवायला अधीर असतो, म्हणून या टोळ्या त्याच्याकडे पुन्हा येतात. गोठवलेली रक्कम सोडायला पोलीस, बँक किंवा न्यायालय फोनवर फी मागत नाहीत. अण्णांनी त्याचा नंबर लिहून घेतला, पोलीस ठाण्यात कळवला आणि दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर, संशयास्पद फोन कळवायच्या 'चक्षू' या सदरात स्वतः नोंदवला. वॉशिंग मशीनच्या नावाने लावलेला तो पहिला नंबरही आम्ही तिथेच दिला आहे, आणि ती जाहिरात जिथे दिसली तिथेही तक्रार टाकली आहे. तुम्हाला असा नंबर दिसला तर तुम्ही फसला नसलात तरी नोंदवा. तिथे फार तर पाच मिनिटं लागतात.