बँकॉकच्या विमानतळावर टॅक्सीची चिठ्ठी हातातून सोडू नका

सुवर्णभूमी विमानतळ ते शहरातला सुखुमवित भाग, टॅक्सीचे १६०० बाट. शिवाय टोलचे ७५ मीच नाक्यावर रोख दिले. मीटरने हेच भाडं ३५०च्या आसपास झालं असतं, वर विमानतळाचा ५० बाट अधिभार. टोल धरून पावणेपाचशे. म्हणजे बाराशे बाट त्या माणसाने आमच्याकडून उकळले. लिहितानाही अंगाचा तिळपापड होतोय.

आधीच सांगते, घिरट्या घालणाऱ्या दलालांच्या मागे मी गेले नव्हते. पहिल्या मजल्यावर उतरून रांग लावली, यंत्रातून चिठ्ठी घेतली, चिठ्ठीवरच्याच लेनमध्ये गेले. आणखी काय करायचं असतं माणसाने?

सामान डिकीत ठेवता ठेवता ड्रायव्हरने माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, घडी घातली आणि खिशात टाकली. तिथेच कळायला हवं होतं! पण इतक्या सहज घेतली की वाटलं, इथली पद्धतच असेल. गाडीचा तपशील त्या चिठ्ठीवर असतो, ती प्रवाशाने जपायची असते. त्याला हे पक्कं ठाऊक होतं. रात्रीची वेळ, आई थकलेली, एवढाल्या बॅगा. कागदाच्या तुकड्यासाठी कोण वाद घालेल? गाडी एक्स्प्रेसवेवर चढल्यावर मीटरवर टाकलेलं फडकं दिसलं. ‘मीटर खराब.’ आता उतरणार कुठे? मीटर ३५ बाटवर सुरू झालेला दिसल्याशिवाय गाडी हलूच देऊ नका.

तक्रार करायला गेले तर पहिला प्रश्न, चिठ्ठी कुठे? ड्रायव्हरने घेतली. मग गाडीचा नंबर? अहो, तो चिठ्ठीवरच होता ना! यंत्रातून चिठ्ठी निघते तर नोंदही तिथेच असेल, ती बघा म्हटलं. ते आमच्याकडे नाही म्हणे. फॉर्म भरून घेतला, प्रत दिली नाही. फोन केला तर दुसरा नंबर दिला, दुसऱ्याने पुन्हा पहिलाच. एका पोलिसाने तर ‘पैसे तुम्हीच दिलेत ना?’ एवढंच विचारून वही मिटली. हो, दिले. आमच्या बॅगा डिकीत होत्या आणि तो डिकी उघडत नव्हता! पासपोर्ट, आईची औषधं निदान स्वतःजवळ ठेवा.

चिठ्ठीचा फोटो रांगेतच काढा, नंबरप्लेटचाही. आणि मध्यरात्रीच्या बऱ्याच आधी उतरत असाल तर टॅक्सीचं नावच नको, खालून एअरपोर्ट रेल लिंक सुटते, शहरातल्या फाया थाई स्टेशनपर्यंत ४५ बाट.