सिंगापूरचा शेवटचा दिवस: दिवसाचा झू की नाइट सफारी?

आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत दिवाळीच्या आधी कुणी ना कुणी सिंगापूरला निघालेलं असतं आणि लिफ्टमध्ये प्रश्न ठरलेला: "शेवटच्या दिवशी ते प्राण्यांचं ठेवलंय, दिवसाचं घेऊ की रात्रीचं?" यंदा चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं. त्या, काका, मुलगा-सून आणि सहा वर्षांचा नातू. मी दोन्ही केलंय, दोन वेगळ्या ट्रिपना, दोन्ही वेळा शेवटच्याच दिवशी आणि दोन्ही वेळा आई बरोबर होती. त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यात निम्मं मत आईच्या गुडघ्यांचं आहे.

आधी तिकीट बघा. झूचं नव्हे, विमानाचं. सिंगापूरचे हे सगळे प्राणी शहराच्या उत्तरेला मंडाई भागात आहेत आणि चांगी विमानतळ पूर्वेच्या टोकाला. टॅक्सीने अर्धा-पाऊण तास धरा. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, त्याआधी हॉटेलवर ठेवलेल्या बॅगा उचलायच्या. हा हिशेब उलटा लावत आलं की निम्मा निर्णय तिथेच होतो.

दिवसाचा झू सकाळी साडेआठला उघडतो. संध्याकाळी साडेआठ-नऊचं विमान असेल तर साडेआठ ते दोन एवढा वेळ हातात राहतो आणि तो पुरतो. नाइट सफारी उघडते संध्याकाळी सव्वासातला. सिंगापूर विषुववृत्ताला अगदी खेटून, त्यामुळे बाराही महिने सातच्या आसपासच अंधार पडतो. सव्वासात ते दहा सफारी, पावणेअकराला चांगी, म्हणजे विमान रात्री दीडनंतरचं असेल तरच हे जमतं. अकराचं विमान आणि नाइट सफारी असं कुणी एका दिवसात बसवून दिलं असेल तर त्याला दोन्ही हात जोडा.

हे मी ऐकीव सांगत नाही. पहिल्या ट्रिपला आमच्या टूरवाल्याने नेमकं हेच केलं होतं. विमान बाराला पाच कमी असताना, आणि सफारीचा स्लॉट सव्वाआठचा. ट्रामच्या रांगेत आई दर दोन मिनिटांनी विचारत होती, "अगं, किती वाजले?" ट्राममध्ये गाइड अगदी हळू आवाजात सांगत होती, उजवीकडे पाहा, पाणघोडा, आणि मी डावीकडे बसून मोबाइलच्या उजेडात टॅक्सीचं ॲप बघत होते. मागच्या बाईंनी खांद्याला हात लावून मोबाइल बंद करायला लावला. बरोबरच होतं त्यांचं, तिथे उजेड करायचा नसतो. विमान मिळालं, पण सफारीतलं मला आजही विशेष काही आठवत नाही.

तरी नाइट सफारीवर अन्याय नको. 1994 साली सुरू झालेली ही जगातली पहिली खास निशाचर प्राण्यांची बाग. चांदण्यासारखा मंद उजेड सोडलेला असतो आणि सुमारे चाळीस मिनिटांची ट्राम त्यातून फिरवते. दिवसा ढिम्म पडून राहणारे प्राणी इथे जागे आणि चालते-फिरते दिसतात. नंतर पायवाटा आहेत. त्यातली बिबट्याची वाट नावाजलेली, पण आपण येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणारी माणसं. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पन्नासच्या आसपास बिबटे आहेत, येऊरकडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सीसीटीव्हीतला बिबट्या अधूनमधून येतोच. ट्राममधून जे दिसतं त्यातही गीरचा सिंह आपला, एकशिंगी गेंडा आपला, अस्वल आपलं. आई म्हणाली होती, "एवढे पैसे भरून आपलीच मंडळी बघायला आलो का?" तरी ते अंधारात, काचेविना, वीस-पंचवीस फुटांवर बघण्यात मजा वेगळी, हे तिनेही नंतर कबूल केलं.

आता पायांचं. नाइट सफारीत ट्राम तिकिटातच असते, म्हणजे ज्याला चालवत नाही त्याला बसल्या जागी बरंच काही दिसतं. या एका मुद्द्यावर ती दिवसाच्या झूला मागे टाकते. झू साधारण 28 हेक्टरचा, चढउताराचा. तिथेही ट्राम आहे, पण ती इकडून तिकडे नेऊन सोडते, बघायचं ते चालूनच. आईला आम्ही व्हीलचेअर घेतली. आधी ती रुसली, मग अकरा वाजता म्हणाली, "तू दमली असशील तर तू बस, मी ढकलते."

पण दिवसाच्या झूत जे आहे ते रात्री नाही, आणि सहा वर्षांच्या नातवासाठी तर नाहीच. 1973 साली उघडला तेव्हापासून इथे पिंजरे फारसे नाहीत. खंदक, पाणी, झाडी, दगड अशा आडोशांनी प्राणी आणि माणूस वेगळे ठेवलेत, त्यामुळे समोर गज येत नाहीत. ओरँगउटान तर डोक्यावरून जातात. आम्ही ज्या वाटेवर उभे होतो तिच्या बरोबर वर दोर बांधलेला होता. त्यावरून एक मादी आली, पोटाला पिल्लू. अर्ध्यात थांबली, एका हाताने लोंबकळली आणि दुसऱ्या हाताने पिल्लाचं डोकं नीट छातीशी घेतलं, आपण लोकलमध्ये चढताना मुलाचं डोकं सावरतो ना, अगदी तसं. खाली पन्नास माणसं, कुणी बोलेना. व्हीलचेअरमधून मान वर करून आई एवढंच म्हणाली, "पडेल गं ते." पडलं नाही.

त्याशिवाय बोर्निओची लांब नाकाची, ढेरपोटी माकडं आहेत. त्यांच्यापुढे मुलं हटत नाहीत, कारण प्रत्येकाला आपल्या घरातलं कुणीतरी आठवतं. नाव घेत नाही.

रात्रीचं दुसरं दुखणं लहान मुलांचं. नातवाचं शरीर आपल्या घड्याळावर चालत असेल तर रात्री नऊला ते ताजंतवानं असायला हवं, कारण भारतात तेव्हा साडेसहाच वाजलेले असतात. पण पाच दिवस युनिव्हर्सलचं थीम पार्क आणि सेंटोसा बेट करून आलेलं पोर ट्राममध्ये बसल्यावर पाचव्या मिनिटाला झोपतं. आमच्या पुढच्या सीटवर असंच एक झोपलं होतं आणि त्याचे बाबा प्रत्येक प्राण्याला त्याला हलवून उठवत होते.

उकाडा दोन्हीकडे आहे, ठाण्यातल्या मे महिन्याचा तो सख्खा भाऊ. पण दिवसाच्या झूत सकाळी लवकर गेलात तर अकरापर्यंत बरं असतं. नोव्हेंबरात दुपारी दोन-तीनला पाऊस कोसळतो, तोही आपल्या जुलैसारखा. म्हणूनही सकाळ. रात्रीच्या सफारीत घामाने चिंब व्हायचं आणि तसंच विमानात बसायचं, कारण हॉटेलची खोली अकरा-बाराला सोडलेली असते. अंघोळ थेट ठाण्यात. रात्री दोनला सुटलेलं विमान मुंबईत पहाटे पाचच्या सुमारास उतरतं, आणि त्यानंतर घोडबंदरचे ट्रक आहेतच.

बाकीच्या दोन पर्यायांचं थोडक्यात. झूला लागूनच रिव्हर वंडर्स आहे, नद्यांचं मत्स्यालय म्हणा हवं तर. तिथे पांडांची जोडी आहे, काई काई आणि जिया जिया, आणि त्यांचं घर चक्क गारेगार. पांडा बघायचाच असा हट्ट असेल किंवा आकाश भरून आलं असेल तर झूऐवजी हे घ्या, तीन तासांत होतं. बर्ड पॅराडाइज 2023 मध्ये मंडाईला आलं, जुराँगचा जुना पक्षी पार्क बंद करून. छान आहे, पण शेवटच्या दिवशी मी नाही जाणार. पेंग्विन भायखळ्याला आहेत आणि फ्लेमिंगो ऐरोलीच्या खाडीत फुकट दिसतात.

दोन-तीन पार्कांचं एकत्र तिकीट सुटं घेण्यापेक्षा स्वस्त पडतं, म्हणून लोक मोहात पडतात. विमानाच्या दिवशी दोन पार्क करू नका, दुसऱ्यात फक्त बाकडी शोधत फिराल. नाइट सफारी हवीच असेल तर ती ट्रिपच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या रात्री ठेवा, ट्रामचा स्लॉट आधी बुक करून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा उठा.

जाण्याचं सोपं आहे. मेट्रोच्या रेड लाइनवर खातिब स्टेशनला उतरायचं, तिथून मंडाईची शटल. आजी-आजोबा बरोबर असतील तर टॅक्सीच करा, पाच माणसांना मोठी गाडी सांगा. निघण्यापूर्वी लिटल इंडियात इडली-डोसा खाऊन घ्या, कारण झूत शाकाहारी जेवण मिळतं पण निवड फार नसते. सकाळी लवकर उघडणारं खाण्याचं ठिकाण आदल्या दिवशीच हेरून ठेवा. बॅगा हॉटेलच्या रिसेप्शनला, झूत ओढत नेऊ नका. झू करून परत हॉटेलवर यायचं नसेल तर चांगीला पैसे देऊन सामान ठेवता येतं, पण त्यासाठी सकाळी एक फेरी तिकडे पडते.

हे सगळं काकूंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "ते ठीक आहे गं, पण आमचं विमान किती वाजताचं ते मुलालाच माहीत." रात्री मुलाने तिकिटाचा फोटो पाठवला. रात्री 8 वाजून 40 मिनिटं. मी उत्तर दिलं: झू, साडेआठला गेटवर हजर, दोनला बाहेर. रेनकोटचं लिहायचं राहिलं, ते उद्या लिफ्टमध्ये सांगेन.