एक्सई-प्राइम इंजिन आणि ईटीएस-1 स्टँड : पाचपैकी चार

अणु-रॉकेट म्हटलं की सगळे युरेनियमला घाबरतात. त्यात युरेनियमची भट्टी हायड्रोजन तापवते आणि तोच नोझलमधून, म्हणजे मागच्या तोंडातून, झोताने सुटून रॉकेट ढकलतो. अमेरिकेत नेव्हाडातल्या जॅकअॅस फ्लॅट्स या चाचणी-मैदानावर अभियंत्यांना घाम फोडला तो मात्र बहुतेक वेळा हायड्रोजनने. म्हणून चाचणी स्टँड जोखताना आधी विचारायचं : हायड्रोजनचा हिशेब कितपत सांभाळला?

ईटीएस-1 हा तिथला इंजिन-चाचणीचा स्टँड इथे बाजी मारतो. आधीच्या किवी, फीबस, एनआरएक्स या चाचणीच्या अणुभट्ट्या नोझल आकाशाकडे ठेवून चालवल्या. 1969 साली एक्सई-प्राइम हे अणु-इंजिन मात्र उड्डाणात असेल तसं, नोझल खाली करून बसवलं. इंजिनाभोवती बंद कप्पा, खाली पाण्याने थंड ठेवलेली धुराची वाहिनी. आतला दाब उतरवून उंचावरच्या स्टार्टची नक्कल व्हायची. इंजिन 28 वेळा सुरू केलं, एकूण 115 मिनिटं चाललं, शक्ती 1,140 मेगावॉटपर्यंत. विशिष्ट आवेग, म्हणजे इंधनातून किती ढकल मिळते त्याचं माप, 710 सेकंद. उत्तम हायड्रोजन-ऑक्सिजन इंजिन 450च्या आसपास थांबतं.

स्टार्टची रीत देखणी आहे. टाकीच्या दाबाने द्रव हायड्रोजन सोडायचा. तो कोमट धातूला लागून वायू होतो आणि टर्बाइनला पहिला धक्का देतो. मग 12 नियंत्रण ड्रम (न्यूट्रॉन शोषून भट्टी आवरणारे दंडगोल) फिरवून शक्ती चढवायची. पुढे नोझलजवळून काढलेला गरम हायड्रोजन टर्बाइन चालवतो. गोम अशी की हायड्रोजन न्यूट्रॉनचा वेग मंदावतो, आणि मंद न्यूट्रॉन युरेनियम जास्त सहज फोडतात. प्रवाह वाढला की ड्रम न हलवताही भट्टी तापायला लागते.

बिघडतं कुठे? नोव्हेंबर 1962 मध्ये किवी-बी4एच्या नोझलमधून इंधनाचे तुकडे उडाले. इंधनकांड्यांच्या फटींतून धावणाऱ्या हायड्रोजनने गाभा थरथरत होता, हे नंतरच्या थंड प्रवाहाच्या चाचण्यांनी दाखवलं. जून 1965 मध्ये फीबस-1ए पूर्ण शक्तीवर साडेदहा मिनिटं छान चालली. मग टाकी संपली, आणि मापक मात्र हायड्रोजन शिल्लक दाखवत होता. गाभा भाजून निघाला. भट्टी बंद केल्यावरही क्षय-उष्णता (किरणोत्सारी अवशेषांची उष्णता) निघत राहते, म्हणून थंडाव्यासाठी हायड्रोजनचा साठा वेगळाच धरावा लागतो. इंधनकांड्यांच्या ग्रॅफाइटची कथा निराळी : त्यावरचा नायोबियम कार्बाइडचा लेप आणि ग्रॅफाइट सारखे प्रसरण पावत नाहीत, लेपाला भेगा पडतात, गरम हायड्रोजन आतलं कार्बन खात जातो.

एक तारा कापला तो धुरासाठी. ईटीएस-1चा धूर, किरणोत्सारी अंशांसकट, थेट उघड्या हवेत. 1972 साली एनएफ-1 भट्टीचा धूर पाण्याच्या फवाऱ्यातून, गाळण्यांतून, सिलिका जेल आणि थंड कोळशातून नेऊन मगच जाळला. पण ती भट्टी 44 मेगावॉटची. एक्सई-प्राइमसाठी तेच संयंत्र जवळपास सव्वीसपट मोठं लागलं असतं. जानेवारी 1973 मध्ये अमेरिकेचा अणु-रॉकेटचा सगळा कार्यक्रमच गुंडाळला गेला.