बोट वेगात एका अंगाला कलते: हायड्रॉलिक ट्रिम टॅब की इलेक्ट्रिक?

उभी असताना सरळ, हळू चालवताना सरळ आणि प्लेनवर आली, म्हणजे वेगात पाण्यावर उचलून धावू लागली, की डाव्या अंगाला कललेली. पंधरा-वीस फुटी आउटबोर्ड (मागे बाहेरून मोटर लावलेल्या) बोटींची ही तक्रार इतकी नेहमीची आहे की बहुतेक जण थेट ट्रिम टॅबच्या, म्हणजे बोटीच्या मागे तळाशी दोन्ही बाजूंना लावायच्या वरखाली होणाऱ्या पट्ट्यांच्या चौकशीला लागतात. जी पट्टी खाली जाते, ती आपल्या बाजूचा मागचा भाग उचलते. आणि तिथे पहिला प्रश्न येतो तो तेलाच्या दाबाने हलणारे हायड्रॉलिक घ्यायचे की विजेच्या मोटरने हलणारे इलेक्ट्रिक. मी दोन्ही वापरले आहेत. माझं मतही थोडं एका अंगाला कललेलं आहे, ते वाचताना कळेलच.

पण पैसे घालवण्याआधी कल नेमका कशामुळे आहे ते पाहा. बोट बांधून ठेवलेली असतानाच कलत असेल तर तो वजनाचा मामला आहे: बॅटरी, इंधनाची टाकी, अँकर, नाहीतर तळातल्या फोममध्ये एकाच बाजूला मुरलेलं पाणी. टॅब लावून तो दोष झाकला जाईल, दूर होणार नाही. फक्त वेगातच कलत असेल तर आधी वाऱ्याकडे बघा. एका दिशेने सरळ पळवा आणि वळून त्याच वाटेने परत या. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे कलली तर बोटीत काही बिघाड नाही. खोल व्ही तळाच्या बोटी आडव्या वाऱ्यात वाऱ्याच्याच बाजूला कलतात. ऐकायला उलटं वाटतं, पण होतं असं की वारा नाक ढकलत राहतो, ते सावरायला आपण स्टिअरिंग नकळत वाऱ्याकडे धरून ठेवतो, आणि या बोटी जिकडे वळवाल तिकडे अंग टाकतात. वारा रोज बदलतो, तेव्हा यावर कायमचा इलाज नाही. चालता चालता जुळवता येणारा टॅबच लागतो.

दोन्ही दिशांना एकाच बाजूला कलत असेल तर मात्र मोटर आणि तळ तपासायचे. मागून पाहिल्यावर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा प्रोपेलर बोटीला उलट, म्हणजे डावीकडे पिळतो. लहान बोटींत चालकाची जागा बहुधा उजवीकडे असते, त्यामागे हेही एक कारण आहे. मग ट्रान्समपासून (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीपासून) पुढचा चार-पाच फूट तळ, त्यावर सरळ पट्टी धरून बघा. ट्रेलरचा आधार चुकीच्या जागी लागून तिथे खोलगट बाक आला असेल तर वेगात तेवढी बाजू उचलली जाते आणि बोट दुसऱ्या अंगाला पडते.

मोटरच्या आडव्या पत्र्याखाली जो छोटा पंख असतो, तो फिरवला की कल जातो असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. तो पंख स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल तर त्यासाठी आहे, कल काढायला नाही. मोटरला लावायच्या फॉइलचंही (पंखासारख्या आडव्या पट्टीचंही) तसंच. ती बसते मधोमध, मग एकटी डावी बाजू उचलणार कशी? गॅसच्या दांड्यावर आपोआप वरखाली होणारे टॅब स्वस्त पडतात, वायरिंगची कटकट नाही, पण त्यांचा खरा उपयोग उचललेलं नाक खाली आणायला. आज डावीकडे जोर हवा आणि परतताना उजवीकडे, हे त्यांना चालवता चालवता सांगायची सोय नाही.

म्हणजे राहिले दोनच. कल काढण्याची ताकद दोन्हींत आहे, लहान बोटीपुरता त्यात मला फरक जाणवला नाही.

हायड्रॉलिकची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. पंप आणि तेलाची टाकी आत, कोरड्या जागी. बाहेर फक्त सिलिंडर आणि नळी. पाण्याखाली वीजच नाही, हा मोठा दिलासा. बिघाडही बहुतेक वेळा डोळ्यांना दिसणारा: तेल कमी झालंय, सांधा ओला आहे, फ्यूज उडालाय. ज्याला स्वतःच्या हाताने कामं करायला आवडतात त्याला हा प्रकार मानवतो.

स्विच दाबल्यावर बोटीला उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो आणि तोवर आपण जास्त दाबून बसतो, ही कुरकुर हायड्रॉलिकबद्दल पुष्कळ ऐकाल. ती काही अंशी खरी आहे, पण इलेक्ट्रिकमध्येही तेच होतं. थोडं टिचकी मारल्यासारखं दाबायचं, थांबायचं, बोट काय म्हणते ते बघायचं. सवय झाली की संपलं. स्विचची उलटापालटही दोघांत सारखीच. डाव्या बाजूचं नाक खाली करायचं बटण दाबलं की खाली जातो तो उजवा टॅब, कारण उजवीकडची मागची बाजू उचलली तरच डावं नाक दबतं. म्हणून बोट डावीकडे कलली असेल तर बटण उजवीकडचं. टॅबचा विचार सोडून फक्त नाकाचा विचार केला की गोंधळ होत नाही.

माझं मन ज्याने फिरवलं ती गोष्ट वेगळी. बोट सरळ करून घेतलीय, सगळे आपापल्या जागी बसलेत, मोटरचा आवाज एका सुरात लागलाय, आणि अर्ध्या वाटेत ती पुन्हा हळूच डावीकडे उतरायला लागते. आता यामागे तीन गोष्टी असू शकतात. वारा फिरला असेल. मागे बसलेला कुणीतरी बूड सरकवून दुसऱ्या कडेला गेला असेल. किंवा पंपाच्या व्हॉल्व्हमधून तेल किंचित झिरपून पाण्याच्या दाबाने टॅबच वर सरकला असेल. माझ्या हायड्रॉलिक जोडीला टॅब किती खाली आहे हे दाखवणारा काटा किंवा दिवा नव्हता. समोर दोन स्विच, बस्स. मान मागे वळवून पाहावं तर ट्रान्समच्या खाली पांढरा फेस. मग बटण दाबून पुन्हा सरळ करायचं आणि खरं कारण कोणतं याचा विचार घरी जाईपर्यंत डोक्यात घोळवायचा. कल काढायला घेतलेलं साधनच संशयितांच्या यादीत, याचा मला फार वैताग आला.

इलेक्ट्रिकमध्ये टॅब स्क्रूवर चालतो. वीज तोडली तरी जिथे सोडला तिथे राहतो. शिवाय दिव्यांची पट्टी असलेला कंट्रोल घेतला की डावा किती, उजवा किती, समोर दिसतं. दिवे तसेच आणि बोट मात्र कलली, म्हणजे एकतर वारा, नाहीतर माणसं. शोध अर्ध्यावर आला. बऱ्याच कंट्रोलमध्ये चावी बंद केली की टॅब आपोआप वर जातात, हेही सोयीचं. खाली राहिलेल्या टॅबसकट जोरात रिव्हर्स घेतलं तर टॅब ढकलणारा दांडा वाकू शकतो, आणि मागून लाटा येत असताना टॅब खाली असले तर नाक पाण्यात रुतून बोट भलतीकडे ओढली जाते.

इलेक्ट्रिकचं दुखणंही सांगायला हवं. टॅब हलवणारी मोटर त्या दांड्याच्या आतच असते आणि दांडा पाण्यात. सील गेलं, पाणी शिरलं की दुरुस्ती वगैरे बहुधा नाहीच, अख्खा दांडा बदलायचा. बोट वर्षभर पाण्यातच राहणार असेल आणि दांड्यावर शेवाळ, शिंपले चढत असतील तर हायड्रॉलिक घ्या म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. माझी बोट काम झालं की ट्रेलरवर येते, गोड्या पाण्याने धुतली जाते. तशी तुमचीही येत असेल तर मी इलेक्ट्रिककडेच बोट दाखवीन.

मापाचा ढोबळ नियम दोघांना एकच: बोटीच्या दर फुटामागे प्रत्येक बाजूला १ इंच रुंदी. म्हणजे १८ फुटी बोटीला दोन्ही बाजूंना १८ इंची. तेवढी जागा ट्रान्समवर नसेल तर मावेल तेवढा मोठा बसवा. लहान टॅब कल काढण्यासाठी जास्त खाली सोडावा लागतो, म्हणजे पाण्याची ओढ वाढते. बाहेरची कड तळाच्या कोपऱ्यापासून ३ इंच तरी आत घ्या, नाहीतर वळताना टॅबच स्टिअरिंगमध्ये लुडबुड करतो.

जुन्या बोटीसोबत हायड्रॉलिक जोडी आधीच आलेली असेल तर मात्र ती उपटू नका. बऱ्याच जोड्यांना टॅबची जागा दाखवणारा इंडिकेटर नंतर बसवता येतो. आधी तो लावा, तेलाची पातळी बघा, आणि मग ठरवा.