लुगानव्हिल (वानुआतू): क्रूझवरून एक दिवस, आणि टूर जहाजावर का बुक करू नये

आम्ही ब्रिस्बेनला असतो, आईबाबा वेंगुर्ल्याहून तीन महिन्यांसाठी आले होते म्हणून जूनमध्ये प्रशांत महासागरातल्या वानुआतू ह्या बेटांच्या देशाची क्रूझ केली. जहाज ठीकठाक, नाव घेत नाही. दोन दिवस नुसतं पाणी बघून झाल्यावर एस्पिरितू सान्तो बेटावरचं लुगानव्हिल आलं, तेही दोन तास उशिरा. उशीर झाला म्हणून निघायची वेळ पुढे ढकलली का, तर नाही, आमचाच दिवस कापला आणि कोणी धड सॉरीसुद्धा म्हटलं नाही. एक स्टार तिथेच गेला.

खरं सांगायचं तर गावात बघायला असं काही नाही. देशातलं दुसऱ्या नंबरचं शहर म्हणतात, पण आपल्या तालुक्याच्या गावाएवढं असेल. एकच मोठा रस्ता, तो मात्र भलताच रुंद, कारण दुसऱ्या महायुद्धात इथे अमेरिकेचा केवढा तरी मोठा तळ होता. त्यांच्या अर्धगोल पत्र्याच्या शेड अजून मधेमधे दिसतात. अर्धे लोक रस्त्याला एक चक्कर मारून परत बुफेला पळाले, त्यांना हा थांबा बोअर वाटला तर नवल नाही.

आम्ही धक्क्याबाहेर उभ्या असलेल्यातली एक व्हॅन केली, आणखी एक फॅमिली घेतली, आणि जहाजाच्या टूरच्या निम्म्याहून कमी पैशांत दोन जागा आणि बाजार एवढं झालं. इथे घासाघीस करत नाहीत हां, वाईट दिसतं. बाबांनी सवयीने सुरू केली होती, मीच दंड दाबला. सुट्टे वातू (इथलं चलन) जवळ ठेवा, कारण जमीन इथे त्या त्या कुळाच्या मालकीची असते, म्हणून प्रत्येक ठिकाणी त्या घरच्यांना वेगळे पैसे द्यावे लागतात. ड्रायव्हर फसवतोय असं समजू नका.

रिरी ब्लू होल नावाच्या डोहाला होडीतून नदीने आत जायचं, वल्ही मारणारा एक पोरगा, दोन्हीकडे झाडं, आणि शेवटी एकदम शाईच्या निळ्या रंगाचं गोड पाणी. थंडगार. आई काठावर पाय सोडून बसली ती उठेचना.

मग मिलियन डॉलर पॉइंट. युद्ध संपल्यावर अमेरिकनांनी बुलडोझर, जीप, ट्रक इथल्या ब्रिटिश-फ्रेंच सरकारला स्वस्तात देऊ केले, ते म्हणाले कशाला घ्या, टाकून जातील तेव्हा फुकटच मिळतील, तर अमेरिकनांनी सगळं समुद्रात ढकलून दिलं! ओहोटीला किनाऱ्यावरच गंजलेलं लोखंड दिसतं, पायात बूट हवेतच. बाबा बराच वेळ एका एक्सलकडे बघत होते, म्हणाले, "सावंतवाडीचो एक भंगारवालो हाडूक होयो होतो." (म्हणजे आणायला हवा होता.) जवळच प्रेसिडेंट कूलिज नावाचं जहाज बुडालंय, २६ ऑक्टोबर १९४२ ला, तेही आपल्याच अमेरिकन सुरुंगांवर आदळून. पाच हजारांवर माणसं होती आणि गेली फक्त दोन. पण ते डायव्हिंग करणाऱ्यांसाठी, आम्ही ऐकूनच खूश.

खरी मजा बाजारात आली. बायका सगळ्या फुलाफुलांचे ढगळ झगे घालून बसलेल्या, आई म्हणे ह्या तर आपल्याकडच्या गाऊनवरच बाजारात आल्यात. आणि एका शेडमागे एक मावशी बुटक्या लाकडी बैठकीवर बसून पुढच्या दातेरी लोखंडावर नारळ खवत होती. आई थांबलीच. "अगो, हो तर आमचो आडाळो!" म्हणजे आपली विळी, कापायचं पातं तेवढं नव्हतं. मावशी हसली आणि सरकून जागा दिली, आणि माझ्या आईने, जिने जहाजावर दोन दिवस कंटाळा आला कंटाळा आला केलं होतं, तिने अर्धा नारळ खवून दिला. कवटीचा काळा कण खाली पडू दिला नाही. मावशीने वाटी उलटीसुलटी करून बघितली आणि मान डोलावली.

तिच्याकडेच लापलाप खाल्लं. कंद किंवा कच्ची केळी किसून, नारळाचं दूध घालून, पानात गुंडाळून तापल्या दगडांवर भाजतात. आईचा सोमवार, म्हणून नुसत्या पालेभाजीचं घेतलं. चव सपक, मीठ कमी, पण पान उघडल्यावर वास येतो तो थेट पातोळ्यांचा. उरलेला नारळ जहाजावर न्यायचा विचार करू नका, फळंबिळं काही चढवू देत नाहीत.

त्यांची बिस्लामा भाषा कानाला गंमतशीर लागते. किती झाले विचारायचं तर "हामास?" आणि निरोप घेताना "आले टाटा". मावशी ते म्हणाली आणि बाबा मागे वळून बघायला लागले, कोण आले म्हणून.

पाचपैकी चार.