मटण-अंड्यांचा आहार: अनेक महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः मिठाविषयी

भाकरी, भात आणि साखर बाजूला ठेवून मटण, अंडी आणि मासळी यांवर भर देणारा आहार मी दिवाळीनंतर सुरू केला. तेव्हा वजन 91 किलो होते, आज ते 80 आहे. या आहारात काय खातात आणि काय टाळतात हे बहुतेकांना ठाऊक असते, त्यामुळे ते पुन्हा सांगत नाही. मला लिहायचे आहे ते मिठाविषयी, कारण सगळे जण तूप, चरबी आणि वजनाबद्दल बोलतात आणि ज्या त्रासाला कंटाळून अनेक जण सुरुवातीलाच हा आहार सोडतात, त्याचे कारण कोणी धड सांगत नाही.

पहिल्या आठवड्यात वजन तीन किलोंनी उतरले, पण त्याबरोबरच डोके जड होऊ लागले, उठताना चक्कर येई आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येत. मी एका ऑनलाइन आहारसल्ला सेवेची वर्गणी भरली होती. तिथल्या सल्लागारांनी ‘शरीर सरावते आहे’ असे सांगून त्यांचीच इलेक्ट्रोलाइट पावडर घ्यायला लावली. पाकिटावरची घटकांची यादी वाचली, तर तिच्यात प्रामुख्याने साधे मीठ, थोडे पोटॅशियम, थोडे मॅग्नेशियम आणि लिंबाचा स्वाद होता. कर्बोदके कमी झाली की रक्तातील इन्सुलिन उतरते, आणि इन्सुलिन उतरले की मूत्रपिंडे सोडियम व त्याच्याबरोबर पाणी अधिक प्रमाणात बाहेर टाकतात. चक्कर येण्यामागे मुख्यतः हे असते, आणि ही एवढी माहिती वर्गणीच्या पैशांत मिळायला हवी होती. आमच्या कोल्हापुरात मटण शिजवताना अळणी, म्हणजे मटणाचे पातळ सूप, निघतेच. रोज संध्याकाळी मीठ घातलेली वाटीभर अळणी पिऊ लागल्यावर चार-पाच दिवसांत चक्कर थांबली आणि गोळेही कमी झाले. पावडरीची उरलेली पाकिटे तशीच पडून आहेत. ज्यांना उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी मात्र माझे पाहून मीठ वाढवू नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा आहार सुरूच करू नये, कारण औषधाची मात्रा तीच राहिली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

भाकरी सोडण्यातच सगळी किमया आहे, असे माझे सुरुवातीचे मत होते. मग घरातल्या एका लग्नात दोन दिवस मसालेभात आणि जिलेबी खाल्ली, तेव्हा वजन दोन किलोंनी वाढले आणि पुढच्या आठवड्यात आपोआप उतरलेही. यकृतात आणि स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे कर्बोदकांपासून बनणाऱ्या साखरेच्या साठ्याबरोबर, सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते, म्हणजे ती चढउतार बहुतांशी पाण्याची होती, आणि पहिल्या आठवड्यातले तीन किलोही बरेचसे तसेच. खरी घट त्यानंतर सावकाश झाली आणि ती भूक आटोक्यात राहिल्यामुळे झाली. सकाळी तीन अंडी खाल्ली की दुपारपर्यंत कशाचीही आठवण होत नाही, हे सुख मला पोह्यांनी कधी दिले नव्हते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने 609 जणांवर वर्षभर केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कमी स्निग्ध पदार्थ खाणाऱ्यांचे वजन सरासरी 5.3 किलोंनी आणि कमी कर्बोदके खाणाऱ्यांचे 6 किलोंनी घटले, म्हणजे दोन्हींत लक्षणीय फरक नव्हता. हे वाचल्यापासून मी कोणालाही हाच मार्ग धरा असे सांगत नाही. ज्याला जे पोटभर खाऊन निभावता येईल, ते त्याने करावे.

खर्चाचे सांगायचे तर रोज मटण परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. वजडी, कलेजी, अंडी आणि बांगडा यांवर आठवडा उत्तम निघतो. रक्ततपासणीत ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) 210 वरून 125 वर आले, पण एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, 118 वरून 154 वर गेले. डॉक्टरांच्या सांगण्यावरून चरबीचे मटण आणि नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा आता रविवारपुरताच ठेवला आहे. मेथी, दोडका आणि दुपारची एक ज्वारीची भाकरी परत आली आहे. यामुळे बद्धकोष्ठाचा त्रासही गेला. वजन उतरण्याचा वेग मंदावला, तरी तक्रार नाही. एलडीएलची पुढची तपासणी श्रावणानंतर करणार आहे. ते 130 च्या खाली आले नाही, तर मटण आणखी कमी करीन, पण संध्याकाळची अळणी वरची चरबी काढून चालूच ठेवीन.