दोनशे रुपयांचा मल्टिमीटर: वॉट काढायला कितपत उपयोगी?

डीटी-८३०डी. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला १५० ते ३०० रुपयांत मिळतो. वर छापलेलं नाव दर दुकानात वेगळं, आतली रचना जवळपास तीच. व्होल्ट मोजायला आणि वायर तुटली का बघायला तो बरा आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण एखादं उपकरण किती वॉट खातं आणि त्याचा रेझिस्टन्स किती, हे त्यावरून काढता येतं का?

गणित सोपं आहे: व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओम, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. अडचण डायलवर आहे. एसीची (घरच्या विजेची) नागमोडी खूण फक्त २०० आणि ७५० व्होल्टच्या खान्यांना आहे. करंटच्या सगळ्या रेंज डीसीच्या. म्हणजे गिझर, इस्त्री, पंखा यांचा चालू असतानाचा करंट हा मीटर मोजूच शकत नाही. ते काम क्लॅम्प मीटरचं, आणि तोही फेज किंवा न्यूट्रल अशा एकाच वायरभोवती लावायचा. दोन्ही वायर एकत्र पकडल्या की आकडा शून्य.

तरी गिझरसाठी आडवाट आहे, आणि ती चांगली चालते. एमसीबी पाडा, एलिमेंटच्या दोन्ही वायर सोडवा, डायल २०० ओमवर ठेवा. आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून बघा, समजा ०.६ येतं. मग एलिमेंटवर २७.१ आलं तर खरा रेझिस्टन्स २६.५ ओम. व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स केलं की २३० व्होल्टला साधारण २००० वॉट निघतात. घरात २१५ व्होल्टच येत असतील तर तोच एलिमेंट १७४४ वॉट देतो. ‘पाणी तापायला वेळ लागतो’ या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा इथेच सापडतं. डावीकडे नुसता १ दिसला तर एलिमेंट उडालेला. बॉडीला लीकेज आहे का, हे मात्र या मीटरवर ठरवू नका. त्याच्या आत ९ व्होल्टची बॅटरी आहे; २३० व्होल्टला फुटणारं इन्सुलेशन त्याला ठणठणीत वाटू शकतं. तिथे ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशन तपासणारा मीटरच हवा.

हीच युक्ती बल्बवर चालत नाही. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॉटचा बल्ब घ्या. पेटलेला असताना ०.८३ अँपिअर, म्हणजे १४.४ ओम. थंड बल्ब मीटरवर दीड ओमच्या आसपास दाखवतो. त्यावरून वॉट काढले तर शंभरच्या जवळ जातात! मीटर खोटं बोलत नाही, टंगस्टनचा रेझिस्टन्सच तापल्यावर वाढतो. गिझरच्या एलिमेंटमधल्या नायक्रोम तारेचा फारसा वाढत नाही, म्हणून तिथे हिशोब जमतो. पंख्याच्या वाइंडिंगचे ओम घेऊन वॉट काढणं तर निव्वळ चूक. तिथे व्होल्ट गुणिले अँपिअरसुद्धा व्हीए (व्होल्ट-अँपिअर) देतं, वॉट नाही. पॉवर फॅक्टर, म्हणजे व्हीएपैकी खरे वॉट किती, हे दाखवणारा प्लगचा वॉटमीटर घ्यावा.

डीसीवर हा मीटर खरा कामाचा, पण एक नको, दोन घ्या. एकाने आधी व्होल्ट मोजायचे आणि मग तोच सिरीजमध्ये टाकून करंट मोजायचा, यात गडबड होते: लोड नसताना १२.४ दाखवणारा अ‍ॅडॅप्टर एलईडी पट्टी लावल्यावर ११.६ वर येतो. व्होल्टमीटर पट्टीच्या टोकांवरच लावा, अ‍ॅडॅप्टरच्या नव्हे, कारण मधल्या अ‍ॅमीटरच्या वायरीही व्होल्ट खातात. ११.६ व्होल्ट आणि ०.९ अँपिअर म्हणजे १०.४ वॉट. भागाकार करून १२.९ ओमही निघतील, पण ते त्याच व्होल्टेजपुरते. पट्टीत डायोड आहेत, ९ व्होल्टला हे ओम लागू पडणार नाहीत.

लहान करंटला दुसरा त्रास. २०० मिलिअँपिअरच्या रेंजला आतला शंट (करंट ज्यातून जाऊन मोजला जातो तो रेझिस्टर) १ ओमचा, २० च्या रेंजला १० ओमचा. म्हणजे २० मिलिअँपिअर जाताना मीटर स्वतःच ०.२ व्होल्ट गिळतो. ३ व्होल्टच्या सर्किटमध्ये हा फरक लक्षात येण्याइतका आहे. शक्य तिथे वरची रेंज वापरा, शेवटचा अंक गेला तर जाऊ द्या.

आता सगळ्यात वाईट भाग: १० अँपिअरचं भोक. त्याला फ्यूज नाही, बहुतेक मीटरवर तसं छापलेलंही असतं. सोबतच्या वायरी इतक्या बारीक की दोन्हींचा मिळून ०.२ ओम धरला तरी १० अँपिअरला २० वॉट त्यांच्यातच जळतात, जवळपास सोल्डरिंग आयर्नइतके. दहा सेकंदांत आकडा बघा आणि काढा. लाल प्रोब त्याच भोकात विसरून कोणी सॉकेटमधले व्होल्ट मोजायला गेलं, तर ते सरळ शॉर्ट सर्किट. मीटरवर १००० व्होल्ट छापलेलं असलं तरी घरच्या बोर्डापलीकडे याला नेऊ नये.

मिलिअँपिअरच्या बाजूला काचेचा फ्यूज असतो. तो उडाला की व्होल्ट नीट दिसतात, करंट मात्र कायम ०.००, आणि माणूस चांगलं सर्किट उलगडत बसतो. बॅटरी उतरली की आकडे खऱ्यापेक्षा जास्त येऊ लागतात. काही मीटरमध्ये बॅटरीची खूण उमटतही नाही. म्हणून अधूनमधून नव्या पेन्सिल सेलवर तपासून बघा. दीडच्या जागी १.८ आले तर बॅटरी बदला. विकत घेतानाही दुकानात हीच तपासणी करून घ्या, आणि प्रोबची वायर दांड्याजवळ वाकवून बघा; पहिली तुटते ती तिथेच.